सुपातली शेवटची पट्टी

गुरुवार, सकाळ

प्रिय मरियम,

सलाम. फोन उचलत नाहीस, ठीक. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात म्हणजे वाचतेस, पण जबाब नाही, तेही ठीक. म्हणून हे पत्र. किती वर्षांनी कागदावर लिहितोय, बोटं दुखायला लागली आणि अजून कामाची एक ओळ झालेली नाही. आधी एवढं सांगतो की उद्या शुक्रवार आहे, अकरा वाजता तुझा दहावीचा मराठीचा पेपर आहे, आणि तू त्या पेपराला बसलीच पाहिजेस. वाचून हसशील, माहीत आहे मला. ज्या माणसाने भरल्या वर्गात येऊन तमाशा केला तोच आता बस म्हणतोय. हस. पण पत्र अर्ध्यावर टाकू नकोस, शेवटपर्यंत वाच, कारण शेवटचंच लिहायला मला सगळ्यात जड जाणार आहे.

पिठाच्या डब्याखाली ठेवलेली तुझी चिठ्ठी अजून माझ्या खिशात आहे. तिच्यात लिहिलंयस: प्रथम, हॉल तिकीट माझ्याच निष्काळजीपणाने हरवलं. दुसरं, तुम्ही वर्गात येऊन सरांना जे बोललात त्यानंतर मला तिथे तोंड दाखवता येत नाही. तथापि, परीक्षेचा दिवस या घरात बसून काढणं मला जमणार नाही. म्हणून मी लांज्याला आईकडे जात आहे. कोंबड्या संध्याकाळी आठवणीने कोंडा. अगं, बायको घर सोडून जाते ती अशी? आपल्या मोहल्ल्यातून आजवर एवढ्या बायका रुसून माहेरी गेल्या, त्यांतली एक तरी 'तथापि' म्हणून गेली का? भांडी आपटायचीस, माझ्या आईपासून माझ्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचास, मला समजलं असतं. ती चिठ्ठी इतकी नीट होती की मला भांडायला जागाच उरली नाही. आणि त्या 'तथापि'वर नजर गेली की डोक्यात तिडीक जाते, कारण तो शब्द आपल्या घरातला नाही. तो गणपतीपुळ्याहून स्कूटरवर बसून आलाय.

हो, सर्वेश सर. नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुढे सरकणार नाही. गेल्या वर्षी माझा गुडघा गेला, डॉक्टरने जहाज बंद केलं, मी कायमचा घरी आलो, आणि त्याच सुमाराला आपल्या लेकीने, नाझियाने, तिकडे पुण्याच्या नर्सिंग कॉलेजात बसून तुझा बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. सातवीत शाळा सुटलेली माझी बायको बेचाळिसाव्या वर्षी दहावीला बसणार हे मी जयगडच्या जेट्टीपर्यंत सांगत फिरलो होतो. म्हणजे सुरुवातीला मी खूश होतो, हे विसरू नकोस. तू दुपारी दोन वाजता वही काखेत मारून शाळेकडे निघायचीस आणि मी पडवीत बसून बघायचो. मला वाटलं होतं, असेल कोणीतरी रिटायर मास्तर, जाड चष्मा, नाकात तपकीर. निघाला बत्तीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, आणि वर्गातल्या आठही बायकांना 'तुम्ही' म्हणणारा. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी तुला कधी 'तुम्ही' म्हटलंय का? तेव्हाच पोटात पहिल्यांदा दुखलं, पण मी कोणाला दाखवलं नाही.

तुला आपली जुनी पत्रं आठवतात? लग्न झालं तेव्हा मी जहाजावर ऑइलर होतो, इंजिनाच्या पोटात. तुझी पत्रं एजंटच्या ऑफिसात पडून राहायची आणि कुठल्यातरी बंदरात तीन-तीन एकदम हातात यायची. काय पत्रं होती ती! पहिल्या ओळीत शेळी आजारी, दुसरीत माझ्या आईचा दमा, तिसरीत शेजाऱ्यांनी गडगा आपल्या हद्दीत सरकवला, मधेच तुला पडलेलं स्वप्न, मग परत शेळी, आणि ती जगली की मेली ते नाहीच. ना पूर्णविराम, ना परिच्छेद. ड्युटी संपवून वर आलो की मी ती पत्रं घेऊन बसायचो आणि शोधायचो. कारण त्या गोंधळात कुठेतरी एक वाक्य असायचंच. कधी कोलंबीच्या भावाला चिकटून, कधी आईच्या औषधामागे दडून. तुमचा निळा शर्ट धुतला नाही, तसाच ठेवलाय. बस, एवढंच. बाकीचं सगळं पत्र त्या एका ओळीवर पांघरूण घालायला असायचं. सासू वाचून घेईल म्हणून तू तसं लिहायचीस की तुला तसंच येत होतं, हे मी कधी विचारलं नाही. पण ते वाक्य शोधायची वाट फक्त मला ठाऊक होती, मरियम. बाकी कोणाच्या हाती पत्र पडलं असतं तर त्याला नुसती शेळी दिसली असती. ती सगळी पत्रं अजून माझ्या सीडीसीच्या पाकिटात आहेत, आम्हा जहाजवाल्यांचं ते ओळखपुस्तक असतं त्याच्याबरोबर. तू त्या पाकिटाला कधी हात लावत नाहीस, त्यात तुमची रोजी आहे म्हणतेस.

आणि मग तुला शिस्त लागली. जेवताना तू मला शिकवायला लागलीस की प्रत्येक लिखाणाला एक बांधणी असते. कोणी घडलं तसं ओळीने सांगतो, कोणी आधी कारण देतो आणि मग परिणाम, कोणी दोन गोष्टी शेजारी ठेवून तुलना करतो, कोणी अडचण मांडून उपाय सुचवतो. आणि जोडणारे शब्द म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या, त्या बघून वाचणाऱ्याने ओळखायचं की पुढे वळण आहे. इथवर ठीक होतं. पण तू भांडायलाही बांधणीत लागलीस. पहिली गोष्ट, ओला टॉवेल गादीवर टाकलात. त्यामुळे गादीला वास आला. याउलट नाझिया सहा वर्षांची होती तेव्हापासून टॉवेल दोरीवर टाकते. या अल्लाह, बायकोशी भांडताना माणसाला निदान विषय बदलायची मुभा तरी पाहिजे!

नाझियाच्या स्थळाचं तर विसरूच शकत नाही. मुलाच्या बापाचा व्हॉट्सअ‍ॅपवर हा एवढा मेसेज आला. घराणं नामांकित, मुलगी गुणी, तुमच्या पाहुणचाराने आम्ही भारावलो. मी अर्ध्यावरच बर्फी आणायला उठलो होतो. तू चष्मा लावलास, सगळा मेसेज अंगठ्याने वर ढकललास आणि खालून चौथ्या ओळीवर बोट ठेवलंस. तिथे 'परंतु' होतं. म्हणालीस, आधीचं सगळं राहू दे, यांचं बोलणं इथून सुरू होतंय. आणि खरंच, परंतुच्या पुढे नकार होता, साखरेत घोळवलेला. मी चप्पल काढून परत बसलो. मग तो पाण्याचा अर्ज. तीन वर्षं आपल्या वाडीतले पुरुष अर्ज करत होते आणि कोणी ढुंकून बघत नव्हतं. तू पान-दीड पान लिहिलंस: नळाला पाणी का येत नाही, त्याने काय होतं, काय केलं तर येईल. सरपंच काशीरामने ग्रामसभेत तो मोठ्याने वाचला आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, काय गफूरशेट, घरात वकील ठेवलाय काय? सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन कालवणात मीठ जास्त आहे म्हणून ताट सरकवलं. मीठ बरोबर होतं.

एके दिवशी तू छत्री विसरलीस आणि मी ती द्यायला शाळेत आलो होतो, तुला माहीत नाही. खिडकीतून बघितलं तर तुम्ही सगळ्याजणी जमिनीवर गोल बसलेल्या आणि मधे सूप. तांदूळ पाखडायचं सूप, विमलाच्या घरचं. तुम्ही कात्रीने आपापल्या निबंधाच्या पट्ट्या केल्या होत्या, एका पट्टीवर दोन-तीन वाक्यं, आणि एकीच्या पट्ट्या सुपात घोळवून दुसरीने त्या क्रमाने लावायच्या. श्रद्धाच्या निबंधात लग्न आधी लागत होतं आणि मुलगा मागून बघायला येत होता, त्यावर विमला खो खो हसत होती. मलाही हसू आलं. एवढ्यात तुझी पाळी आली. तुझ्या पट्ट्या सुपात पडल्या आणि कोणालाच लागेनात, तेव्हा सर स्वतः खाली बसले. एकेक पट्टी उचलून वाचायचे, थांबायचे, तुझ्याकडे बघून विचारायचे, मग खाली ठेवायचे. चार मिनिटांत लावल्या. तू मान डोलावलीस, अशी, जशी मी घर शाकारून उतरलो की डोलावतेस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. छत्री तशीच परत आणली आणि तू भिजत आलीस तर वर तुलाच ओरडलो की डोकं कुठे असतं तुझं.

मग गेला शुक्रवार. जुम्म्याची नमाज आटपून घरी आलो, तू विमलाकडे गेली होतीस, वही टेबलावर. मी उघडली. उघडायला नको होती हे मला तेव्हाही कळत होतं. निबंधाचं नाव, माझ्या घरातील एक व्यक्ती. मला वाटलं आईवर असेल, नाहीतर नाझियावर. तो माझ्यावर होता. मी बूट कसे काढतो, गोड्या वरणाला कसं नाक मुरडतो, जहाजावरून आल्यावर आठ दिवस घरातसुद्धा मोठ्याने कसा बोलतो. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, वरणाच्या आणि बुटांच्या मधे, एक ओळ. त्यांचा आवाज घरात असला की मला कशाचीही भीती वाटत नाही. त्या ओळीखाली लाल रेघ होती. बाजूला लाल शाईत लिहिलं होतं: हे तुमचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, मधे हरवलं आहे, शेवटी घ्या. मरियम, बावीस वर्षं जी ओळ मी जीव लावून शोधत आलो, ती त्या माणसाने एका दुपारी शोधली आणि पेनाने दाखवून दिली. पान उलटलं तर तू पक्का निबंध लिहिला होतास आणि ती ओळ शेवटी नेली होतीस. उभ्याउभ्या दोनदा वाचला. चांगलाच झाला होता निबंध, पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला. त्याचाच जास्त संताप आला.

त्याच संध्याकाळी तुझं हॉल तिकीट सापडेना. तू घर उलटंपालटं केलंस, तांदळाची कणगी रिकामी केलीस, गाद्या उन्हात टाकाव्या तशा अंगणात काढल्यास. मीही गुडघा दुखत असताना कपाट ओढलं. शनिवारी सकाळी मी शाळेत विचारून येतो म्हणालो आणि येऊन सांगितलं की दुसरं तिकीट मिळत नाही. तू म्हणालीस, तरी दुपारी सरांना विचारून बघते. आणि दुपारी मी तुझ्या आधी वर्गात जाऊन उभा राहिलो आणि बोललो ते बोललो. माझ्या बायकोच्या वह्या लाल करायचा तुम्हाला काय अधिकार, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणायला शिकवता, आजपासून ती येणार नाही. सर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. विमला म्हणाली, गफूरभाय, काय बोलताव ते तरी कळतंय काय तुमाला? तू दारात होतीस. तुझा चेहरा बघितला, पण तोवर सगळं बोलून झालं होतं.

घरची खबर देतो. नाझियाचा रोज फोन येतो, माझ्याशी एवढंच बोलते की अम्मीला आणलंत का, आणि ठेवून देते. काळी शेळी मंगळवारी व्याली, दोन पिल्लं, एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, तू नसलीस की मला या घरात भीती वाटते, बोंबील वाळत घातले होते ते कावळ्यांनी अर्धे नेले आणि उरलेले मांजराने. कोंबड्या रोज कोंडतो. नळाला काल पाणी आलं, पहिल्यांदा, तुझ्या अर्जाचं. सगळ्या बायका हंडे घेऊन आपल्या दारावरून तुला विचारत गेल्या. मी काय सांगणार, लांज्याला गेलीय म्हटलं, काजूच्या कामाला. एवढं खोटं चालतं.

हे पत्र मी तीन दिवस लिहितोय. पहिल्यांदा सगळं एकाच दमात लिहिलं, ते तुझ्या जुन्या पत्रांसारखं झालं, फक्त तुझी गंमत त्यात नव्हती. मग तुझी वही काढली. घडलं तसं ओळीने लिही असं एका पानावर आहे, तसं करून बघितलं. मग हे झालं, मग ते झालं, मग मी शाळेत गेलो, मग तू गेलीस. दिसायला नीट, पण त्यात मी कुठे नाहीच, सगळं आपोआप घडल्यासारखं. शेवटी कात्री घेतली, पट्ट्या केल्या, आपलं सूप काढलं आणि पडवीत मांडून बसलो. कोंबडी दोनदा त्यावरून चालत गेली. सगळ्या पट्ट्या कुठे ना कुठे बसल्या, एक बसेना. ती हाताला लागली की मी परत सुपात टाकायचो. तुझ्या वहीत लिहिलंय, क्रम लागत नसेल तर बघा, आपण कारण लपवत आहोत का. हे सरांचंच वाक्य असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं, वही मिटून टाकली.

काल सरांकडे गेलो. माफी मागितली, सगळं सांगितलं. ते चिडतील, मला चार शब्द सुनावतील अशी आशा होती, म्हणजे फिटंफाट झाली असती. त्यांनी चहा दिला आणि एवढंच विचारलं की मरियमबाईंची सरावाची शेवटची प्रश्नपत्रिका सोडवून झाली होती का. माणूस चांगला आहे. वाईट असता तर मला किती सोपं गेलं असतं. अजूनही त्यांचं नाव घेतलं की मला खुपतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. ते माझं मी बघेन.

आता दुपारचे तीन वाजलेत आणि मी लांज्याच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून हे शेवटचं लिहितोय. पत्र तुझ्या भावाच्या, झैनच्या काजूच्या दुकानात देणार आहे, तुझ्या आईच्या दारात यायची माझी हिंमत नाही. सुपातली शेवटची पट्टी ही: हॉल तिकीट हरवलं नव्हतं. शुक्रवारी ते तुझ्या वहीत होतं, निबंधाच्याच पानात, आणि मी ते काढून माझ्या सीडीसीच्या पाकिटात ठेवलं, तुझ्या जुन्या पत्रांमध्ये, कारण तिथे तू कधी हात घालणार नाहीस हे मला माहीत होतं. तू कणगी उपसत होतीस तेव्हा ते तिथेच होतं. कपाट मी उगाच ओढलं. शनिवारी मी शाळेत गेलोच नाही, जेट्टीवर बसून परत आलो. दुसरी प्रत मिनिटात निघते हे मला ठाऊक होतं, आणि तू सरांना विचारलंस तर मी पकडला जाईन, म्हणून वर्गात तो तमाशा केला. तुझी काही चूक नव्हती, तुझ्या चिठ्ठीतलं 'प्रथम' खोडून टाक. तू शिकलीस आणि तुला कोणीही वाचू शकेल, मग माझ्यासाठी वेगळं काय उरणार, याची मला भीती वाटली, म्हणून मी हे केलं. तिकीट या पत्राला टाचलंय. सकाळी साडेसातची रत्नागिरी गाडी पकड, झैनला सोबत घे. माझ्याबरोबर आलीच पाहिजेस असं नाही, पेपर झाल्यावरही घरी आलीच पाहिजेस असं नाही. साडेचारच्या गाडीपर्यंत मी या बाकावर आहे, नंतर कोंबड्या कोंडायला जावं लागेल. आणि सरांनी सांगितल्याप्रमाणे महत्त्वाचं ते मी शेवटी घेतलं, पण एक ओळ मुद्दाम मधेच ठेवलीय, शेळीच्या आणि बोंबलांच्या मधे. ती तुझी तू शोध, आणि तिच्याखाली कोणाला रेघ मारू देऊ नकोस.

तुझाच, पट्ट्या लावता न आलेला,
गफूर